मंचावर जाण्याआधी वीस मिनिटे अंगाला द्या

भीमजयंती तोंडावर आली की आमगाव तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांत संध्याकाळी हार्मोनियमचा आवाज ऐकू येतो. विहारात किंवा समाजमंदिरात सतरंजी टाकून मंडळी बसतात, वहीतली गाणी निघतात, ढोलकीवाला उशिरा आला म्हणून त्याला बोलणी बसतात आणि महिना-दीड महिना तालीम चालते. चालीवर चर्चा होते, शब्दांवर होते, कोणत्या रंगाची साडी सारखी नेसायची यावर तर दोन दिवस होते. ज्या शरीराने गायचे आहे त्या शरीराबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. आरोग्याच्या पानावर गाण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते हा विषय आरोग्याच्याच पानावरचा आहे.

आपल्या समाजात गाणे हे करमणुकीचे साधन कधीच नव्हते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार त्या जलशांनी नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ साली जाईपर्यंत गाणी लिहीत आणि गात राहिले. आजही आपल्या घरातली म्हातारी पुस्तक वाचत नाही, पण दहा भीमगीते तिला पाठ असतात. म्हणजे गाण्याचा शब्द कानावर नीट पडणे ही आपल्याकडे हौसेची गोष्ट नाही. गायिकेचा दम मध्येच तुटला आणि ‘भीमराव’ म्हणताना ‘भीम’ ऐकू आले व ‘राव’ गिळला गेला, तर नुकसान ऐकणाऱ्याचे होते.

आता कार्यक्रम प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. पत्रिकेत लिहिलेले असते, रात्री ८ वाजता भीमगीतांचा कार्यक्रम. आठला पाहुणे येत नाहीत. नऊला येतात. मग दीपप्रज्वलन, त्रिशरण-पंचशील, स्वागत, सत्कार, पुन्हा सत्कार, भाषणे. गाणाऱ्या बाया सातपासून तयार होऊन मंचाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नाहीतर खाली मांडी घालून बसलेल्या असतात. त्यांनी दुपारी मिरवणुकीत दोन तास घोषणा दिलेल्या असतात, डीजेच्या पुढे चालताना एकमेकींशी ओरडून बोललेल्या असतात. अकराच्या सुमारास निवेदक एकदम नाव पुकारतो, “चला चला, वेळ कमी आहे.” पायाला मुंग्या आलेल्या, घसा कोरडा, पोट रिकामे, अशा अवस्थेत त्या उठून थेट माइकसमोर उभ्या राहतात आणि पहिलेच गाणे वरच्या पट्टीतले असते. आवाज फाटला तर खालून कुजबुज होते, “तालीम केली नाही वाटते.” तालीम महिनाभर केली होती. अंग तयार केले नव्हते.

कबड्डीचा खेळाडू मैदानात उतरण्याआधी धावून येतो. पैलवान जोर-बैठका काढल्याशिवाय कुस्तीला हात घालत नाही. युरोप-अमेरिकेतल्या समूहगायनाच्या पथकांमध्ये हात-खांदे मोकळे केल्याशिवाय आणि आवाज हळूहळू तापवल्याशिवाय तालीम सुरूच होत नाही, ती तिथली रोजची रीत आहे. आपल्याकडे मात्र गाणे म्हणजे फक्त गळ्याचे काम, अशी समजूत घट्ट बसली आहे.

गळ्यात काय होते ते सोप्या शब्दांत सांगते. स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. बाईच्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम एक-दीड सेंटिमीटर असते. ती साध्या आवाजात बोलते तेव्हा हे तंतू एका सेकंदात साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. वरच्या सुरात गाताना हाच आकडा पाचशेच्या आसपास जातो. एका गाण्यात किती वेळा आपटत असतील याचा हिशेब घरी मुलांना करायला लावा. ही आपटाआपट सोसायला तंतू ओले आणि लवचीक लागतात, आणि खालून येणारा श्वास एकसारखा लागतो. तो श्वास छातीच्या फासळ्या, पोटाचे स्नायू आणि मधला श्वासपटल मिळून देतात. मान ताठ असेल, खांदे कानाकडे चढलेले असतील, जबडा आवळलेला असेल, तर श्वास वरच्यावर राहतो आणि सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर येतो. मग बाई जोर लावते. जोर लावला की आवाज मोठा होत नाही, चिरतो.

मी आमच्या वस्तीतल्या गायन संचाला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “सिस्टर, आमी दिवसभर बांधीत वाकतो, आता आणखी कायची कसरत करायला लावता?” प्रश्न खरा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून परे लावते. त्यात ताकद भरपूर लागते, पण अंग एकाच बाजूला आवळते. कंबर आखडते, मांडीचे मागचे स्नायू ताठ होतात, डोक्यावर भारा वाहिल्याने मान दबते. विडी वळणाऱ्या बहिणींचे पाहा. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरे या धंद्यावर जगली. सूप मांडीवर घेऊन तासन् तास पुढे झुकून बसायचे, खांदे आत वळतात, छाती मिटते, वर तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. अशा छातीत श्वास भरायला जागाच उरत नाही. म्हणून जी बाई जास्त राबते तिलाच गाण्याआधी अंग मोकळे करण्याची जास्त गरज असते. कष्टाने अंग झिजते. मोकळे करणे हे वेगळे काम आहे.

दुसरा आक्षेप जाणत्या मंडळींचा असतो. जुने शाहीर कुठे असले काही करत होते? आपल्याच झाडीपट्टीतली दंडार किंवा खडी गंमत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवून पाहावे. दिवाळीनंतरच्या मंडईत हे कलावंत रात्र रात्र उभे राहून नाचत, ठेका धरत, फिरत गायचे. त्यांचे अंग सुरुवातीच्या नाचातच तापलेले असायचे. कार्यक्रमाच्या गावाला ते पायी नाहीतर सायकलने जायचे. आज आपण गाडीतून उतरतो, खुर्चीवर बसतो आणि खुर्चीवरून उठून गातो. जुन्यांची रीत सांगायची तर पूर्ण सांगावी.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. वीस मिनिटे पुरतात. एखादी खोली हवी, साडीचा पदर कमरेला खोचायचा, पायातल्या चपला काढायच्या. पहिली चार-पाच मिनिटे जागच्या जागी चालायचे, गुडघे थोडे वर उचलत, हात मोकळे हलवत, अंगात ऊब येईपर्यंत. धापा लागेपर्यंत नाही. चालता चालता शेजारणीशी एक पूर्ण वाक्य सहज बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. मग घोटे फिरवायचे, टाचा उचलून पंज्यावर उभे राहायचे आणि सावकाश खाली यायचे, दहा वेळा. मंचावर तासभर उभे राहायचे असते आणि आपण गुडघे ताठ करून उभे राहतो. त्याने चक्कर येते. गुडघे किंचित सैल ठेवायची सवय इथेच लावावी.

त्यानंतर खांदे. दोन्ही खांदे कानापर्यंत उचलायचे, क्षणभर धरायचे आणि एकदम सोडून द्यायचे. विडी वळणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायांच्या तोंडून यावेळी आपोआप “हाऽऽ” निघते, तेवढ्यावरून समजावे की किती दिवसांचा ताण तिथे बसला होता. मग खांदे मागच्या बाजूने फिरवायचे, पुढच्या नाही, कारण पुढे तर ते दिवसभर असतातच. मान डावीकडे, उजवीकडे, हनुवटी छातीकडे, सगळे हळू. मानेला पूर्ण गोल झटके द्यायचे नाहीत, डोके मागे टाकून फिरवायचे नाही. मानेचे मणके झिजलेल्या बाईला त्याने भोवळ येऊ शकते. आपल्याकडे डोक्यावर ओझी वाहून झिजलेले मणके घरोघर आहेत.

फासळ्यांसाठी एक हात डोक्यावरून पलीकडे नेऊन बाजूला वाकायचे, तिथेच दोन श्वास घ्यायचे, मग दुसरी बाजू. नंतर हाताचे पंजे खालच्या फासळ्यांवर ठेवून नाकाने श्वास घ्यायचा. पंजे बाहेर ढकलले गेले पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. तो श्वास दातांच्या फटीतून ‘स्स्स्’ करत सोडायचा, सापासारखा, एकाच जाडीचा आवाज ठेवून. पहिल्या दिवशी दहा-बारा आकडे मोजून होतात. रोज केले तर पंधरा दिवसांत फरक दिसतो. जिथे पूर्वी एका ओळीत दोनदा दम घ्यावा लागत होता तिथे एकदाच घेऊन भागते, हे मी आमच्या संचात पाहिले आहे.

इथे एक गोष्ट वेगळी करून सांगते, कारण लोक गल्लत करतात. हा श्वासाचा व्यायाम म्हणजे आनापान नव्हे. आनापानात जसा श्वास येतो तसा नुसता जाणायचा असतो, त्यात ढवळाढवळ करायची नसते. इथे आपण मुद्दाम श्वास लांबवतो. दोन्ही चांगले, पण एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

मग जबडा. कानाच्या खाली जिथे दात आवळल्यावर गाठ उभी राहते तिथे बोटांनी गोल चोळायचे आणि तोंड सैल सोडायचे. आता आवाज. लहान पोरे ट्रॅक्टर चालवायचा खेळ खेळताना ओठ फडफडवून “भुर्रर्र” करतात ना, तसेच करायचे आणि त्यातच सूर खालून वर, वरून खाली न्यायचा. बायांना हसू येते. येऊ द्यावे, हसण्यानेही पोट मोकळे होते. ज्यांचे ओठ फडफडत नाहीत त्यांनी फ्रुटीबरोबर मिळते तशी बारीक नळी घ्यावी, ती पेल्यातल्या पाण्यात दोन बोटे बुडवावी आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावे. इंगो टित्झे नावाच्या अमेरिकेतल्या आवाजाच्या शास्त्रज्ञाने नळीची ही पद्धत जगभर पोचवली. तोंडाकडची वाट अरुंद केली की आत उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात, म्हणजे न दुखवता तापतात. पैसा लागत नाही. शेवटी पहिल्या गाण्याचे धृपद खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात एकदा म्हणायचे. पूर्ण ताकदीने नाही. ताकद मंचासाठी ठेवायची.

यानंतर मंचावर त्रिशरण-पंचशील होते, त्यात आपला संच सगळ्यांच्या सोबत असतो. पुष्कळ गायक यावेळी आवाज वाचवण्यासाठी नुसते ओठ हलवतात. तसे करू नये. वंदना मधल्या सुरात असते, संथ असते, तिच्यात श्वास पूर्ण घ्यायला वेळ मिळतो. गळ्याला याहून चांगली सुरुवात नाही, आणि वंदना मनापासून म्हणणे हे आपले कर्तव्यही आहे.

पुरुष गायक आणि वादकांशी थोडे बोलायचे आहे. वीस मिनिटे अंग मोकळे केले आणि मंचावर चढता चढता गालात खर्रा दाबला, तर केलेले सगळे वाया गेले. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला असतो. चुन्याने तोंडाची आतली कातडी भाजते, तंबाखूने घसा सुकतो आणि सुपारीने गालाच्या आत दोरीसारखे पट्टे तयार होतात. हळूहळू तोंड उघडणे कमी होते. आपली तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटे जात असतील तर ठीक. दोनच जात असतील, तिखट लागले की आग होत असेल, तर दाताच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. ज्याचे तोंड उघडत नाही त्याच्या गाण्यातला ‘आ’कार उघडत नाही, हे तर कोणत्याही श्रोत्याला ऐकू येते. आणि पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्यात दारूच येते, खर्रा येत नाही, असा वाद मला काही भावांनी घातला आहे. त्यांनी तो वाद आपल्या गालाशी घालावा.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहिते आहे तिच्याकडे येते. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासी समाजात आहे, तसाच आपल्याही समाजात आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. ही वेदना उठायला कारणे कोणती? अंगातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे, शरीर फार थकणे, ताप. आता आपल्या कार्यक्रमांकडे पाहा. एप्रिलमध्ये मिरवणुकीतल्या उन्हाने घाम जातो. १ जानेवारीला, ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या आणि ७ फेब्रुवारीला रमाईच्या जयंतीला उघड्या मंडपात रात्री गाणे असते, आणि विदर्भात सर्वात कमी तापमान गोंदियाचे, ही बातमी हिवाळ्यात कधी ना कधी येतेच. वर उपास, जागरण, उभे राहणे. म्हणजे सिकलसेलच्या वेदनेची सगळी कारणे आपण एका रात्रीत जमवतो.

म्हणून संचातल्या प्रत्येकाने आपली सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे तालमीच्या पहिल्या दिवशीच एकमेकांना विचारावे. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ‘एएस’ म्हणजे वाहक, त्यांना सहसा त्रास नसतो, पण पाणी त्यांनीही तोडू नये. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, त्यांनी गाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी गावे, पण त्यांची वीस मिनिटे वेगळी असावीत. जागच्या जागी चालणे अगदी हळू, मध्ये मध्ये बसून, दम लागेल असे काहीही नाही, अंगावर स्वेटर आणि पायात मोजे, मंचावर त्यांच्यासाठी खुर्ची. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या कार्यक्रमाच्या धावपळीत चुकवायच्या नाहीत. छातीत दुखले, श्वास लागला, ताप आला तर गाणे अर्धे सोडून दवाखाना गाठायचा. निवेदकाने रागावले तरी चालेल.

आणि पाणी. प्रत्येक तालमीत मी सांगते, दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. मंचावर जाताना घटाघटा प्यालेले पाणी अन्ननलिकेतून पोटात जाते, ते स्वरतंतूंना लागतही नाही. तंतू ओले राहतात ते आधीच्या काही तासांत अंगात मुरलेल्या पाण्याने. बाया माना डोलावतात आणि पाणी पीत नाहीत. कारण विचारले तर आधी हसतात, मग एखादी सांगते, “तिथं जायाची सोय कुठी असते, सिस्टर?” एवढेच कारण आहे. कार्यक्रमाच्या जागी बायांसाठी मुतारी नसते, असली तर तिला कडी नसते, दिवा नसतो. म्हणून दुपारपासून बाई पाणी तोडते. त्यातून घसा कोरडा पडतो, लघवीला आग होते, आणि ती सिकलसेलची असेल तर दुसऱ्या दिवशी वार्डात भरती होते. मी वार्डात काम करत असताना जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वेदनेने तळमळत आलेल्या मुली पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीला विचारले, पाणी कधी प्यायलीस? तिने आदल्या दिवशी सकाळी, असे सांगितले.

एका गावी आमच्या बायांनी संयोजकांकडे कार्यक्रमाआधी एक खोली मागितली होती. उत्तर मिळाले, खोली पाहुण्यांसाठी आहे. पाहुणे एक तास बसून भाषण करून गेले. गाणाऱ्या बाया शाळेच्या भिंतीमागे, अंधारात, पदर खोचून हातपाय हलवत होत्या आणि गावातली चार पोरे मोबाइल घेऊन उभी होती. पुढच्या वेळी त्यातल्या दोघींनी अंग मोकळे करायचे सोडून दिले. लाज वाटते म्हणाल्या. बाईने हात वर केले तर तिच्याकडे कसे पाहायचे हे ज्या पोरांना कळत नाही, त्यांच्यासमोर तिने स्त्रीमुक्तीची गाणी म्हणायची, ही आपली व्यवस्था आहे.

जयंती समित्यांना माझे स्पष्ट म्हणणे आहे. डीजेला, कमानीला, फोटो छापलेल्या बॅनरला आपण हजारो रुपये देतो. त्यात अर्धा तास, दार लागणारी एक खोली, दिवा असलेली एक मुतारी आणि पिण्याच्या पाण्याची एक कॅन, एवढे गाणाऱ्यांसाठी काढा. भाषणांची संख्या कमी करा, गाणे दहाच्या आत सुरू करा. दहानंतर लाऊडस्पीकरला तशीही कायद्याची आडकाठी असते. आणि माइकवाल्याला सांगा की एक स्पीकर गाणाऱ्यांच्या तोंडाकडे ठेव. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो, आणि ओरडणाऱ्या गळ्याला कोणताही व्यायाम वाचवत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या माझ्या बहिणींशी आणखी एक बोलायचे आहे, जे तालमीत कोणी बोलत नाही. वरचा सूर लावताना, खोकताना, हसताना लघवीचे दोन थेंब जातात, आणि त्या भीतीने कितीतरी चांगल्या गायिका मागच्या रांगेत जाऊन बसतात. तीन-चार बाळंतपणे झालेली, बाळंत झाल्यावर महिन्याभरात पुन्हा बांधीत उतरलेली बाई, तिच्या ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल होतात. यात लाजण्यासारखे काही नाही. लघवी मध्येच थांबवताना जो भाग आपण आत ओढतो, तोच भाग बसल्या जागी पाच आकडे आत ओढून धरायचा आणि सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा प्रयोग करत बसू नये, तो भाग ओळखण्यापुरताच. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर पोटावर जोर देऊन गाऊ नये. गरोदर बहिणींनी वाकण्याचे प्रकार सोडून बाकीचे हळू करावे.

वयस्क गायकांच्या घरच्यांनीही ऐकावे. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. त्या मृत्यूचा संबंध मी कशाशी जोडत नाही. एवढेच सांगते की मंचावर गाणे हे शरीराचे मोठे काम आहे, त्यात रक्तदाब वाढतो, नाडी वाढते. साठीच्या पुढच्या गायकाने बीपी तपासून घ्यावे, बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नये, आणि छातीत आवळल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटला तर “गॅस झाला असेल” म्हणत थांबू नये. १०८ ला फोन करावा.

कार्यक्रम संपल्यावरही पाच मिनिटे लागतात. दमलेल्या गळ्याने लगेच रस्त्यावर गप्पा मारत बसू नये. पुन्हा नळीत किंवा ओठ मिटून हलका ‘म्म्म’ करत सूर खाली आणावा, मान-खांदे सैल करावे, कोमट पाणी प्यावे, थंडी असेल तर गळ्याला रुमाल बांधावा. सारखे खाकरून घसा साफ करू नये, त्याने तंतू एकमेकांवर घासतात. आवाज बसला तर कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती असे पुष्कळांना वाटते. कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. एक-दोन दिवस मुळीच बोलू नये किंवा अगदी थोडे, साध्या आवाजात बोलावे. तीन आठवडे झाले तरी आवाज मोकळा होत नसेल, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा किंवा विडी ओढणाऱ्याचा, तर हळद-दूध आणि जेष्ठमधावर वेळ घालवू नये. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. आमगाववरून सकाळच्या गाडीने निघावे, म्हणजे ओपीडीची चिठ्ठी वेळेत निघते.